ग्रंथपालाने कोणासाठी बोलावे?

सार्वजनिक ग्रंथालयाचे काम सुरळीत चालू असते तेव्हा ते कोणाच्या फारसे नजरेत भरत नाही. नळाला एक दिवस पाणी आले नाही तर वस्तीत ओरड होते. ग्रंथखरेदी वर्षभर थांबली तर तसे काही घडत नाही. वाचक हळूहळू येईनासे होतात, एवढेच. म्हणूनच तिजोरीत खडखडाट झाला की काटकसरीची कात्री पुष्कळदा ग्रंथालयाच्या तरतुदीवर चालते. अशा वेळी ग्रंथपालाने गप्प राहावे की बोलावे? आणि बोलावयाचे तर कोणासाठी? मद्रास प्रांतातील ग्रंथालय चळवळीच्या इतिहासात या प्रश्नांचे उत्तर सापडते.

शियाली रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी ते या विषयाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. ग्रंथालय ही सर्वसामान्य नागरिकांच्या नित्य उपयोगाची संस्था होऊ शकते, हे त्यांनी तेथे पाहिले. परतल्यावर आपले काम विद्यापीठाच्या भिंतींपुरते ठेवणे त्यांना रुचले नाही. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला व रंगनाथन त्याचे चिटणीस झाले. दुसऱ्याच वर्षी संघाने ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. १९३१ मध्ये तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीतून खेडोपाडी ग्रंथ नेण्याचा प्रयोगही झाला.

याच १९३१ साली रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडले. आज ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पाठ केले जातात; परंतु त्यांतील युक्तिवाद ध्यानात घेण्याजोगा आहे. ग्रंथाचे मोल त्याच्या वापरात आहे, कोणत्याही वाचकास त्याला हवा तो ग्रंथ मिळाला पाहिजे आणि त्याचा वेळ वाया जाता कामा नये, असे एकदा मान्य केले की कपाटांना कुलपे लावून ग्रंथांची राखण करणे हे ग्रंथपालाचे काम उरत नाही. मग तो जागा, ग्रंथ व सेवकवर्ग मागतो ते वाचकाच्या हक्कापोटी. व्यवसायाची प्रतिष्ठा आणि वाचकाचे हित यांची सांगड येथे घातली गेली.

हा हक्क देणग्यांवर विसंबून टिकणार नाही, हेही रंगनाथन यांनी ओळखले होते. १९३० मध्ये बनारस येथे भरलेल्या अखिल आशियाई शिक्षण परिषदेपुढे त्यांनी ग्रंथालय कायद्याचा आदर्श मसुदा ठेवला. १९३३ मध्ये मद्रासच्या विधिमंडळात विधेयक आले. पण ते संमत झाले नाही. तो काळ जागतिक मंदीचा होता. तरीही संघाने आपली मागणी सोडली नाही. अखेर १९४८ मध्ये मद्रास सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला. स्वतंत्र भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा होय.

या कायद्याचे मर्म ग्रंथालय उपकरात आहे. स्थानिक संस्था घरपट्टी किंवा मालमत्ता कर वसूल करतात, त्यावर हा अधिभार बसतो व ती रक्कम ग्रंथालय प्राधिकरणाकडे जाते. अनुदान दरवर्षी मागावे लागते आणि ते घटविता येते. उपकर कायद्यानेच बांधलेला असतो. अर्थात कायदा झाला की सारे साधले असे नाही. उपकर असलेल्या राज्यांतही वसूल झालेली रक्कम ग्रंथालयांच्या हाती वेळेवर पडत नसल्याच्या तक्रारी वारंवार होतात.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये ग्रंथालय कायदा केला, परंतु त्यात उपकराची तरतूद नाही. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना त्यांच्या वर्गानुसार अनुदान मिळते. खेड्यातील ग्रंथालय सेवकाचे तुटपुंजे वेतन बहुधा याच रकमेतून निघते. त्यामुळे अनुदानवाढीसाठी तो आवाज उठवितो तेव्हा ती केवळ पोटाची ओरड समजू नये. सेवकच टिकला नाही, तर संध्याकाळी ग्रंथालयाचे दार उघडणार कोण?

आणखी एक उदाहरण पाहू. चेन्नई येथे २०१० मध्ये अण्णा शताब्दी ग्रंथालय सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी, सत्तांतरानंतर, त्या इमारतीत बालरुग्णालय करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. नागरिकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने स्थगिती दिली आणि ग्रंथालय वाचले. वाचक पाठीशी उभा राहिला म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

वाचकाला असे आपलेसे करणे हेच ग्रंथपालाचे खरे बळ होय. रोज किती वाचक आले, कोणता ग्रंथ मागितला आणि कोणाला रिकाम्या हाती परतावे लागले, याची नोंद त्याच्याइतकी दुसऱ्या कोणापाशी नसते. कठीण काळात ती नोंद घेऊन त्याने नगरपालिकेत, ग्रामसभेत, वृत्तपत्रांत बोलले पाहिजे. रिकाम्या हाती परतलेला वाचक अंदाजपत्रकाच्या बैठकीस हजर नसतो. त्याच्या वतीने बोलणे हा ग्रंथपालाच्या कर्तव्याचाच भाग आहे.