एक तिकीट, दोन डबे

पाऊस सकाळपासून धरून आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला माणसं छत्र्या मिटत, झटकत तिकीटघरात शिरतायत. काही खिडक्यांच्या रांगेला लागतात, काही मशीनकडे वळतात. आणखी काहीजण आत येतच नाहीत. ते बाहेर रिक्षांच्या रांगेपाशी आडोसा धरून उभे आहेत आणि भराभर मोबाइलवर बोटं चालवतायत. चार पावलं पुढं गेलो तर ॲप तिकीट देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मी तिकीटघराच्या दाराशी उभी आहे. मैत्रीण यायची आहे, तिच्याबरोबर दादर गाठायचं आहे. माझा पास मोबाइलवर आहे, त्यामुळे रांगेचं काम नाही आणि बघायला भरपूर वेळ आहे.

एक कॉलेजची मुलगी ओढणीच्या टोकानं स्क्रीन पुसते. पावसाचा एक थेंब काचेवर पडला की बोट ‘परळ’ म्हणतं आणि फोन भलतंच काहीतरी ऐकतो. ती पुन्हा पुसते, पुन्हा दाबते. पैसे जातात, तिकीट येतं. मग ती नेट बंद करून एकदा तिकीट उघडून बघते. शहाणी आहे. एकदा काढलेलं तिकीट नेटशिवायही दाखवता येतं, पण फोनच बंद पडला तर टीसीच्या लेखी ती विनातिकीट. तिची बॅटरी बारा टक्क्यांवर आहे. बॅगेतून पॉवर बँक काढून, वायर जोडून, फोन हातात घट्ट धरून ती जिना चढते.

मुंबईच्या लोकलसाठी मोबाइलवर काढायचं तिकीट २०१४ च्या डिसेंबरात आलं. स्थानकाच्या हद्दीत ते निघत नाही याचं कारण सरळ आहे: डब्यात बसायचं, टीसी दिसला की तिथल्या तिथं तिकीट काढायचं, ही पळवाट बंद राहावी. पूर्वी बाहेरच्या बाजूनंही अंतराचं बंधन होतं, अमुक किलोमीटरच्या आत असाल तरच तिकीट मिळे. ते २०२४ मध्ये उठलं. आता घरी चहा पिता पिता तिकीट काढता येतं. आतलं बंधन मात्र राहिलंय, आणि राहायलाच हवं.

त्याच ॲपमध्ये दुसरा पर्याय आहे, काढा आणि छापून घ्या. तो फार कमी लोकांना नीट माहीत असतो. आत्ताच एक बाई मशीनशेजारी बसलेल्या काकांना फोन दाखवून विचारतायत, “हे चालेल ना?” काका चष्मा वर सरकवून वाचतात. “ताई, हे छापायचं तिकीट काढलंय तुम्ही. पैसे भरलेत, पण कागद हातात नाही तोवर प्रवास नाही करता येत. द्या, नंबर सांगा.” बाई बुकिंगचा नंबर वाचतात, काका मशीनवर एकेक आकडा टाकतात. घर्र घर्र होऊन खाली चिठ्ठी येते. बाईंचा श्वास मोकळा होतो. त्या तशाच फलाटावर गेल्या असत्या तर पैसे भरूनही चोर ठरल्या असत्या.

हे काका म्हणजे मशीनवरचे मदतनीस. या कामावर बरेचदा रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं असतात. हातात स्मार्ट कार्ड. लोकांकडून रोख घ्यायची आणि तिकीट काढून द्यायचं. कार्ड भरताना वर जे चार पैसे मिळतात ती त्यांची कमाई. “कुठलं? किती? रिटर्न?” हे तीन प्रश्न ते इतक्या वेगानं विचारतात की ऐकणाऱ्याला ते एकच वाटतात. मशीनवर भाषा निवडायची सोय आहे, मराठी आहे, हिंदी आहे. तरी माणसं काकांनाच विचारतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. सगळ्यात स्वस्त तिकीट ५ रुपयांचं असेल, पण ते चुकलं तर दंड किमान २५० रुपये, वर भाडं वेगळं. हातावर पोट असलेल्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी त्यात जाते. म्हणून तो विचारतो.

आणि इथं ते तिघं येतात.

तिशीतला एक माणूस, त्याची बायको आणि त्याची आई. आईच्या हातात काठी, बायकोच्या हातात प्लास्टिकची मोठी पिशवी. तिच्यातून एक्स-रेचं पाकीट डोकावतंय. केईएम रुग्णालयात निघालेत हे विचारावं लागत नाही. माणूस दाराबाहेरच थांबून फोन काढतो. तिघांचं तिकीट एकदमच निघतं, एका वेळी चौघांपर्यंत काढता येतं. तो परळ निवडतो, तीन माणसं घालतो. बायको शेजारून बघतेय.

“अहो, थांबा. आई आणि मी लेडीजमध्ये बसणार ना?”

“मग?”

“मग टीसी आली तर आम्ही काय दाखवायचं?”

तो क्षणभर स्क्रीनकडे बघत राहतो. “फोन तू ठेव.”

“आणि तुम्ही काय दाखवणार?”

त्याचा अंगठा तसाच थांबतो. मी हे ऐकते आणि मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं. मोबाइल की कागद यावर मी कितीतरी चर्चा ऐकल्यात. वेळ वाचतो, कागद वाचतो, रांग टळते, सुट्ट्यांची कटकट नाही, सगळं खरं. पण मुंबईची लोकल बायकांच्या आणि सर्वसाधारण डब्यांत विभागलेली आहे, एक कुटुंब रोज दोन डब्यांत बसून प्रवास करतं, आणि घरातला चालू फोन अनेकदा एकच असतो, नवऱ्याच्या खिशात, ही गोष्ट त्या चर्चांमध्ये कुणी काढलेली मला आठवत नाही. तिनं ती एका वाक्यात काढली.

तिघं आत येतात. काकांसमोर चार-पाचजण आहेत. आई भिंतीला टेकून उभी राहते.

शेजारच्या आरक्षणाच्या खिडकीपाशी एक गृहस्थ वेटिंगचं तिकीट घेऊन कुणाशी तरी फोनवर बोलतायत. चिपळूणला जायचंय, तिकीट खिडकीवरून काढलेलं, कन्फर्म झालेलं नाही. इथं तर कागद आणि मोबाइल यांत पैशाचाच फरक पडतो. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. खिडकीवरचं तसं होत नाही. ते गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत स्वतः रद्द करायचं, नाहीतर पैसे बुडाले. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये किंवा एसीत बसताही येत नाही. लांबच्या गाडीचं तिकीट कुणी मला विचारून काढणार असेल तर मी मोबाइलच सांगेन, डोळे मिटून. गृहस्थ फोन ठेवतात आणि रद्द करायचा फॉर्म मागून घेतात.

काकांची रांग सरकते.

“तीन परळ.”

“रिटर्न?”

“नको, सिंगल. किती वेळ लागेल सांगता येत नाही.”

“एकत्र?”

“नाही,” बायको मध्येच म्हणते. “आम्हा दोघींचं एक. ह्यांचं वेगळं.”

काका मान डोलावतात. त्यांच्यासाठी ही रोजचीच बाब असावी. कार्ड मशीनवर टेकवतात, दोनदा चिठ्ठी येते. बोटभर रुंदीचा पातळ, गुळगुळीत कागद, त्यावर ठाणे, परळ, तारीख, वेळ, भाडं, आणि एका तासात प्रवास सुरू करायची सूचना. हा कागद उन्हानं, उष्णतेनं फिका पडतो, पावसानं चिकटतो. आठवडाभरानं त्यावरचं काही वाचता येणार नाही. पण आजच्यापुरता तो पुरेसा आहे. बाई तो केस पेपरच्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवते. नवरा दुसरा शर्टाच्या खिशात ठेवतो आणि वरून रुमाल दाबतो.

तिकिटाचा कागद इथं नवा नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी याच ठाण्याला आली. पुढं दीडशे वर्षं हातात असायचं ते जाड पुठ्ठ्याचं लहानसं तिकीट. त्याची रीत एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरानं १८३० च्या दशकात घालून दिली. त्यानं प्रत्येक तिकिटावर ओळीनं नंबर छापायला सुरुवात केली. किती विकली आणि गल्ल्यात किती जमा झाले याचा मेळ लागावा, हा हेतू. म्हणजे तिकीट जन्मलं ते कंपनीच्या हिशोबासाठी. प्रवाशाच्या हाती मात्र त्यानं एक वेगळीच गोष्ट दिली: पैसे भरल्याचा, कुणाच्याही हातात सोपवता येईल असा पुरावा. मुलाच्या खिशात घाला, आजीच्या कनवटीला बांधा, तो चालतो. त्याला चार्जिंग लागत नाही. मोबाइलवरच्या तिकिटानं हिशोबाचं काम कितीतरी चोख केलंय. हातात सोपवायचं काम त्याला अजून जमलेलं नाही.

मैत्रिणीचा मेसेज येतो, तिची गाडी अडकलीय, मी पुढं व्हावं. मी जिना चढते. स्लो लोकल लागते. लेडीज डब्यात मला दाराजवळ जागा मिळते, आणि समोर त्या दोघी, सासू खिडकीशी, सून पिशवी मांडीवर घेऊन.

भांडुपला टीसी चढते. “तिकीट, पास.” आवाज चढा नाही, पण डबा सावध होतो. पर्सच्या चेनी सरकतात, मोबाइल पेटतात. ती मोबाइलवरचं तिकीट बघताना थांबते, तारीख वाचते, वेळ वाचते, स्क्रीन हलतेय ना ते बघते. माझा पास बघते, पुढं सरकते. सून प्लास्टिकच्या पाकिटातून चिठ्ठी काढते. टीसी एक नजर टाकते, “दोघी?” विचारते, चिठ्ठी परत देते.

पलीकडच्या बाकावर मात्र अडतं. विशीतली मुलगी, डबा आणि छत्री सांभाळत फोन पुढं करते. टीसी बघते आणि मान हलवते.

“हा फोटो आहे.”

“बहिणीनं काढून पाठवलंय मॅडम. पैसे भरलेत, बघा ना.”

“ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर दाखवावं लागतं. बहीण कुठंय?”

बहीण ऑफिसात पोचलीय. मुलगी तिला फोन लावते, बहीण उचलत नाही. डबा गप्प बसून ऐकतो. टीसी नियमानंच वागतेय, फोटोवर प्रवास चालू दिला तर एका तिकिटावर अख्खी चाळ जाईल. तरी त्या मुलीचे डोळे भरून येतात तेव्हा मला राग येतो, आणि तो टीसीचा नाही. भाडं तर रेल्वेला मिळालंय. एकीनं आपल्या फोनवर दुसरीसाठी तिकीट काढलं, यापलीकडे काही घडलेलं नाही. २५० रुपये आणि वर भाडं. मुलगी पर्समधून पाचशेची नोट काढते, पावती घेते आणि विक्रोळी येईपर्यंत बाहेर बघत बसते.

माझी मागणी लहान आहे. पैसे भरायचं बटण दाबायच्या आधी, मोठ्या मराठी अक्षरांत, एकच प्रश्न यावा: हे तिकीट कोण वापरणार आणि हा फोन त्यांच्याजवळ असणार का? नसेल तर छापायचा पर्याय तिथंच समोर यावा. आणि तिकीटघरातली खिडकी, मशीन आणि मशीनशेजारचे काका जागेवर राहावेत. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढतेय म्हणून खिडक्या कमी करायचा विचार जिथं कुठं चालू असेल, तिथल्या माणसांनी एकदा सकाळी लेडीज डब्यात बसून यावं. रांगेत कोण उभं आहे ते मोजून चालणार नाही, ते रांगेत का उभे आहेत ते बघावं लागेल.

कुर्ला जातं. शीव जातं. सून माझ्याकडे वळते.

“ताई, परळ कुठल्या बाजूला उतरायचं? केईएमला जायचंय.”

“पूर्वेला. दादर गेलं की उठा, गर्दी आडवी येते. आईंना मध्ये घ्या.”

“आणि येताना तिकिटाला फार रांग असते का हो?”

“संध्याकाळी असते. खिडकीला लागू नका, मशीन शोधा. आणि आता काढलंत तसंच काढा, वेगवेगळं.”

“ते तर काढणारच,” ती म्हणते. मग सासूकडे वाकून, “आई, चला, दादर आलं. काठी द्या माझ्याकडे.”