पिस्टनवरची काजळी

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. जळगावकडे केळीच्या बागा. ट्रक असो की पाणी उपसणारे डिझेल इंजिन, धूर निळा येऊ लागला की समजावे, वंगणतेल जळते आहे. त्या तेलाची आणि अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी पिस्टनच्या खाचांत घट्ट बसते. रिंगा अडकतात, दाब कमी होतो, तेल आणखी वर चढते.

इंजिन उघडल्यावर घाई नडते. बहुतेक पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे मऊ. पोलादी पटाशीने खरवडले की ओरखडे पडतात. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियमच खातो. त्यापेक्षा पिस्टन रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवावा. विडी-काडी दूर ठेवावी. सकाळी लाकडी पट्टीने काजळी काढावी. खाचा जुन्या रिंगेच्या तुकड्याने हलक्या हाताने साफ कराव्यात, तेलाची भोके मोकळी करावीत. मग नवी रिंग घालून फिलर गेजने फट मोजावी. ती फार वाढली असेल तर पिस्टन बदलावाच लागतो.

पिस्टन चकचकीत झाला नाही तरी चालेल, खाच शाबूत राहिली पाहिजे. एका रात्रीचा धीर धरला, तर ऐन वैशाखात बागेचे पाणी तुटत नाही.