भाताच्या पानातील पहारेकरी

श्रावणात कल्याणहून मुरबाडकडे जाताना हिरवीगार भातखाचरे दृष्टीस पडतात. एखाद्या खाचरात मात्र पानांच्या कडा शेंड्यापासून पिवळ्या पडून वाळत चाललेल्या आढळतात. हा कडाकरपा रोग होय. पाने वाळली, की दाणे पोचट राहतात आणि शेतकऱ्याचे पावसाळाभराचे कष्ट वाया जातात. असे पान कापून त्याचे टोक पेल्यातील स्वच्छ पाण्यात बुडवा. कापल्या जागेतून दुधासारखी बारीक धार उतरेल. ते दूध नव्हे, असंख्य जीवाणू होत!

आफ्रिकेतील माली देशाचा एक रानटी भात मात्र या जीवाणूंना दाद देत नाही. त्याच्या या गुणाचे जनुक शास्त्रज्ञांनी १९९५ साली वेगळे केले. हे जनुक जे प्रथिन घडविते, त्याची रचना मोठी मार्मिक आहे. पेशीभोवतीच्या पातळ पटलातून ते आरपार गेलेले असते. त्याच्या बाहेरील भागात जवळजवळ एकसारखे २३ तुकडे ओळीने जोडलेले असल्यामुळे तो भाग कमानीसारखा वाकतो. जीवाणूने सोडलेला एक विशिष्ट पदार्थ तेथे ओळखला गेला, की आतील भाग जागा होतो आणि इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून धोक्याची वर्दी देतो. कडी दाराबाहेर आणि घंटा घरात, असेच म्हणा ना!

परंतु जीवाणूही बदलतात. तो पदार्थ पालटला, की पहारेकरी फसतो. म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी 'सुधारित सांबा मसुरी' या वाणात संकराने तीन निरनिराळी जनुके एकत्र आणली. २००८ साली हे वाण प्रसृत झाले. त्यातील एका जनुकाचा उपाय हरला, तरी दोहोंचा उरतो.