वेगमापकाचे दुसरे तोंड

जुन्या छोट्या विमानांच्या शौकिनांमध्ये एक समजूत अशी मुरली आहे की ती खोडताना संयमी शिक्षकाचाही धीर सुटावा: विमानाचा वेग पिटो नळी सांगते, तेव्हा वेगमापकाचे दुसरे, म्हणजे भोवतालचा स्थिर दाब घेणारे 'स्टॅटिक' तोंड पॅनेलमागे केबिनमध्येच उघडे सोडले तरी बिघडत नाही, कारण हवेचा दाब आत काय नि बाहेर काय, सारखाच. पायपर जे-३ कबमध्ये मुळातच तशी जोडणी असल्याने या समजुतीला आयता दाखला मिळतो.

वस्तुस्थिती अशी की पिटो नळी एकटी वेग सांगूच शकत नाही. समोरून येणारी हवा तिच्या तोंडाशी अडते आणि तेथे स्थिर दाब व गतीमुळे आलेला गतिज दाब यांची बेरीज मिळते. तिच्यातून स्थिर दाब वजा करण्याचे काम वेगमापकातील पातळ धातूची फुगणारी डबी करते आणि काटा फिरतो तो केवळ या वजाबाकीवर. समुद्रसपाटीवर ताशी १०० किलोमीटर वेगाला गतिज दाब भरतो सुमारे ४७३ पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बाहेरून वाहणाऱ्या हवेच्या ओढीने केबिनमधला दाब अवघ्या ५० पास्कलने उतरला, तर उंचीमापक जेमतेम ४ मीटर चुकेल, जे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. वेगमापक मात्र १०० च्या जागी १०५ दाखवील. केबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा कमीच असतो आणि म्हणून वेग जास्त दिसतो, हे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या वैमानिक-पुस्तिकेतही नोंदलेले आहे. चूक अशी नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते, कारण स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल कोसळण्याच्या, जवळ आलेल्या वैमानिकाला हाती नसलेला वेग असल्याचा भास होतो. शिवाय ती स्थिरही नसते: खिडकी सरकवली की बदलते, आणि कबचे दार तर उडतानाही उघडे ठेवता येते. कबमध्ये ही तडजोड निभावली, एवढ्यावरून ती कोठेही निभावेल असे मानणे हा निव्वळ आळस होय. १९३१ साली प्रथम उडालेल्या टायगर मॉथची दोन्ही तोंडे धडापासून दूर, पंखांमधल्या खांबावर बसवली गेली, ती काही शोभेसाठी नव्हे.

पिटो नळी तुंबली की काटा शून्यावर येतो, हेही सरसकट खरे नाही. पुढचे तोंड आणि पाणी निथळण्याचे छिद्र दोन्ही बंद झाली तर हवा आत कोंडते आणि विमान वर चढताना, वेग तोच असूनही, काटा पुढे सरकत राहतो. वेगमापक जमिनीवरचा वेग दाखवतो, हा समज वाऱ्याचा विचार करताच गळून पडतो. कुंभारीण माशीने नळीत घर केले असेल अशा शंकेने तोंडाने फुंकून पाहण्याची सवय तर सर्वांत महागाची: ताशी २०० किलोमीटरपर्यंतच्या मापकाची पूर्ण पट्टी १९०० पास्कलच्या आतच संपते आणि माणसाची जोरदार फुंकर त्याच्या कितीतरी पुढे जात असल्याने डबी कायमची वाकू शकते.