ड्रायव्हरमधील नांवें आणि परीक्षकाची नजर

संगणकाला छपाईचें यंत्र जोडलें, कीं त्या यंत्राशीं बोलण्याचें काम एका लहानशा प्रोग्रामकडे येतें. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पडदा, कळफलक, कॅमेरा, फोनमधील बॅटरी, या प्रत्येकामागें असा एक दुभाषी उभा असतो. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली घेतली, तर तिच्या मूळ संहितेचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनींच व्यापलेला आहे. ही संहिता कोणालाहि वाचावयास मोकळी आहे; आणि तींत सुचविलेला बदल स्वीकारण्यापूर्वीं दुसऱ्या जाणकारानें तो वाचून पाहावा, अशी तेथें रीत आहे. या वाचनास परीक्षण म्हणतात.

परीक्षकाची मोठी अडचण अशी, कीं ज्या यंत्रासाठीं ड्रायव्हर लिहिला तें यंत्र बहुधा त्याच्यापुढें नसतें. पुढें असतो तो केवळ मजकूर. या मजकुरांत सांपडतात त्या संख्या: अमुक ठिकाणीं १६ लिहा, तमुक ठिकाणची संख्या वाचा, तिचा तिसरा अंश तपासा. संख्येला चेहरा नसतो. १६ म्हणजे सोळा मिलिसेकंद, सोळा अक्षरें, कीं यंत्रांतील सोळावें घर, हें संख्येकडे पाहून कळत नाहीं. ती संख्या ज्या कप्प्यांत ठेविली त्याला प्रोग्राम लिहिणारे व्हेरिएबल किंवा चल म्हणतात, आणि त्या चलाचें नांव हाच परीक्षकाचा साक्षीदार. स्वयंपाकघरांतील डब्यावर चिठ्ठी नसेल तर मनुष्य झांकण उघडून पाहातो. चुकीची चिठ्ठी असेल तर मात्र तो न पाहातांच चहांत मीठ घालतो. निनांवी चलापेक्षां खोट्या नांवाचा चल अधिक घातक, तो याच कारणानें.

याचें एक उत्तम उदाहरण लिनक्समध्येंच घडलें. ड्रायव्हर यंत्राला काम सांगतो आणि उत्तराची वाट पाहातो. वाट किती पाहावयाची तें आधीं ठरवावें लागतें. कारण यंत्र बिघडलें असेल तर उत्तर कधींच येणार नाहीं. या प्रतीक्षेसाठीं एक तयार फंक्शन आहे. त्याला मुदत द्यावयाची, आणि तें एक संख्या परत करतें. काम मुदतींत झालें तर उरलेला वेळ, मुदत टळली तर शून्य. पुष्कळ ड्रायव्हरांत ही परत आलेली संख्या 'टाइमआउट' नांवाच्या चलांत ठेवण्याची संवय पडली होती. पुढची ओळ मग अशी होई: टाइमआउट नसेल, तर मुदत टळल्याची चूक कळवा. वाचणारा येथें अडखळतो. टाइमआउट झालाच नसेल, तर मुदत टळली कशी?

संगणक मात्र अडखळत नाहीं. त्याला नांवाचा अर्थ ठाऊक नसतो. तो शून्य आहे कीं नाहीं एवढेंच पाहातो, आणि प्रोग्राम बिनचूक चालतो. धोका आहे तो माणसाला. उद्यां एखादा नवखा लेखक ही ओळ वाचील, 'नसेल' हा शब्द चुकून पडला असें समजेल आणि तो सद्भावनेनें काढून टाकील. त्या क्षणापासून वेळेवर आलेलें प्रत्येक उत्तर अपयश ठरेल, आणि मृत यंत्राचें मौन यश म्हणून पुढें जाईल. २०२४ सालीं अनेक ड्रायव्हरांतून हें नांव बदलून 'टाइम_लेफ्ट', म्हणजे 'उरलेला वेळ', असें करण्यांत आलें. आतां तीच ओळ सरळ वाचतां येते: उरलेला वेळ नसेल, तर मुदत टळली.

नांव सुधारलें कीं इतर प्रश्नहि आपोआप सुचूं लागतात. उरलेला वेळ शून्याहून कमी असूं शकेल काय? शकत नाहीं, आणि हें फंक्शनहि ऋण संख्या कधींच देत नाहीं. त्याचें एक भावंड मात्र प्रतीक्षा मध्येंच मोडली गेल्यास ऋण संख्या देतें. दोघांत घोटाळा झाला, कीं येथें कधींहि खरी न ठरणारी अट लिहिली जाते. 'टाइमआउट' किंवा नुसतें 'रेट' असें नांव असतां ती अट नजरेंतून निसटते. 'टाइम_लेफ्ट' असतां ती चटकन् खटकते. नांवें बदलतांना कांहीं ठिकाणीं चलाचा प्रकारहि दुरुस्त करावा लागला, तो उगीच नव्हे.

बरें, वेळ म्हटला तरी कोणत्या मापांत? लिनक्सचें अंतर्गत माप 'जिफी' हें आहे, आणि सेकंदाला जिफी किती, तें प्रणाली तयार करतांना ठरतें: १००, २५०, ३०० किंवा १०००. शंभर जिफी म्हणजे एका संगणकावर पुरा सेकंद, तर दुसऱ्यावर सेकंदाचा दशांश. म्हणून मिलिसेकंदांत मोजलेल्या चलाच्या शेवटीं 'एमएस' लावावें, असा आग्रह परीक्षकानें धरला तर तो हट्ट नव्हे. विद्युत्-दाब नियंत्रित करणाऱ्या विभागांत दाब मायक्रोव्होल्टमध्यें मोजतात, आणि चलांच्या नांवांतच 'यूव्ही' हीं अक्षरें असतात. त्यामुळें साडेतीनच्या जागीं पस्तीस लाख पाहून कोणी दचकत नाहीं. तापमापकाच्या ड्रायव्हरांत तर 'टेंप' हें नांव विशेष फसवें. तें तापमानाचें संक्षिप्त रूप कीं तात्पुरत्या कप्प्याचें? तेथें अंशाचे हजार भाग करून मोजतात, ४२ अंशांना ४२००० लिहितात. तेव्हां 'टेंप' मध्यें ४२ दिसले तर ते अंश आहेत, कीं यंत्रांतून आलेली अजून न रूपांतरिलेली संख्या, हें लिहिणाऱ्यालाच विचारावें लागतें.

याचा अर्थ प्रत्येक नांव हातभर लांब असावें असा कोणी घेऊं नये. दोन ओळींच्या आवर्तनांत मोजणीसाठीं 'आय' पुरेसा आहे; त्याला भारदस्त नांव देणें म्हणजे टांक ठेवण्यास तिजोरी घेणें. लिनक्सच्या लेखनशैलीच्या टिपणांतहि हाच विवेक आहे: जवळच्या जवळ वापरावयाचीं नांवें आंखूड, सर्वत्र दिसणारीं स्पष्ट. आणि यंत्राच्या घरांचीं नांवें उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेंत जशीं असतील तशींच ठेवावीं, मग तीं कितीहि ओबडधोबड असोत. तेथें लेखकानें सौंदर्यदृष्टि चालविली, तर परीक्षकाला पुस्तिकेंत तें घर शोधूनहि सांपडत नाहीं, आणि ताडून पाहाण्याचें त्याचें एकमेव साधन जातें.

राहिला प्रश्न नांव बदलण्याच्या पद्धतीचा. नांव बदलणें आणि वर्तन बदलणें हीं दोन कामें एकाच बदलांत घालूं नयेत, असें जाणते परीक्षक सांगतात. चाळीस ओळींत केवळ नांव बदललें असेल आणि एकेचाळिसाव्या ओळींत अट उलटविली असेल, तर चाळीस ओळी वाचून सैल झालेली नजर एकेचाळिसावीवरूनहि तशीच सरकते. म्हणून नांवांचा बदल स्वतंत्र पाठवावा. तो लागू केल्यावर यंत्राचें वागणें तिळमात्र बदलत नाहीं, एवढीच खातरजमा परीक्षकास तेथें करावयाची असते; अटीचा विचार तो पुढच्या बदलांत, ताज्या नजरेनें करतो.