मनाच्या आजाराच्या गोळ्या : बरे वाटले तरी एकदम बंद करू नका



ऊस लागण, खोडवा, हुमणी आणि खताच्या मात्रा हे या पानाचे नेहमीचे विषय. या अंकात आम्ही घरातल्या माणसाच्या तब्येतीविषयी चार शब्द लिहीत आहोत. कार्यक्षेत्रातील गावांतून फिरताना आमच्या कानावर एक गोष्ट वारंवार येते. कुणाचा भाऊ, कुणाची सून, कुणाचे वडील ‘डोक्याच्या गोळ्या’ घेत असतात. हे हळू आवाजात सांगितले जाते, आणि पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : “आता बरं वाटतंय, म्हणून दिल्या सोडून.” या सोडून देण्यातच मोठा धोका आहे.

आजार आणि औषध

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, पहाटेच जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जेवण नको वाटणे, शेताकडे पाऊल न वळणे, “जगून तरी काय करायचं” असे बोलणे, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे आहेत. याला आळस म्हणणे, बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे खेटे घालणे किंवा “मन घट्ट कर” असे सांगून मोकळे होणे बरोबर नाही. आजार सौम्य असेल तर समुपदेशनानेही गुण येतो. जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या सुरू करतात. गोळीने कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण सोसायटीत जाऊन हप्त्याचे बोलण्याचे जे बळ आजाराने नेलेले असते, ते परत येते.

ही औषधे कालपरवाची नव्हेत. १९५२ साली अमेरिकेत क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले, तेव्हा मलूल पडलेले रोगी उत्साही दिसू लागले. १९५७ साली स्वित्झर्लंडचे डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. आज आपल्याकडे चिठ्ठीवर बहुधा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही नावे असतात.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि दारू-तंबाखूसारखी यांची तलफ लागत नाही. मात्र कधी कधी यांच्या जोडीला क्लोनाझेपाम देतात, किंवा एकाच गोळीत दोन्ही औषधे असतात. क्लोनाझेपामची सवय लागते. म्हणून “यात झोपेचे औषध आहे काय, आणि ते किती दिवस घ्यायचे?” हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

सुरुवातीचे दिवस

लागण केल्यावर दुसऱ्या दिवशी सरीतली कांडी उकरून कोंब आला का, हे कोणी पाहत नाही. या गोळ्यांचेही तसेच आहे. गुण दिसायला दोन आठवडे लागतात, पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. उलट त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतो : मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोपेत फरक. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत कमी होतो. “गोळी मानवत नाही” म्हणून पुष्कळजण इथेच थांबतात. तसे न करता डॉक्टरांना कळवावे. नवरा-बायकोच्या संबंधात फरक पडला तर तेही लाज न बाळगता सांगावे. मात्रा किंवा गोळी बदलता येते.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यावर विशेष लक्ष ठेवावे. अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ साली लहान मुलांबाबत असा इशारा दिला व २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. तळमळ वाढली, मरणाचे बोलणे आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तसेच एखादा माणूस झोपेशिवाय फिरू लागला, अखंड बोलू लागला, भरमसाट पैसा उधळू लागला, तर “आता चांगला खुलला” असे समजू नये. तो दुसऱ्या प्रकारचा आजार असू शकतो व औषध बदलावे लागते.

बंद करताना

एका गावची गोष्ट सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. एका सभासदाला दिवाळीच्या सुमारास गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दीड महिन्यात झोप लागू लागली, अन्न गोड लागू लागले. तेवढ्यात तोड आली. धावपळीत त्यांनी गोळ्या आपल्या मनानेच सोडल्या. चार दिवसांत चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेसारखे झटके सुरू झाले. घरचे म्हणाले, “बघा, गोळ्यांची सवयच लागली होती.” तो त्रास ओसरला, पण दोन महिन्यांनी माणूस पुन्हा अंथरुणाला खिळला. शेवटी मुलाने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले आणि उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. आज ते गट ऑफिसला येतात-जातात, गोळी चालू आहे.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडल्यावर थोड्याच दिवसांत झालेला त्रास हा एकदम तोडल्याचा होता. महिन्यांनी आलेला तो मूळ आजार. दोन्ही टाळता येतात. पहिल्यांदाच आजार झालेल्या माणसाने पूर्ण बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावयाचे असते. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहून अधिक. हंगाम संपला म्हणून बॉयलर कोणी एकदम थंड करीत नाही. तशीच गोळीची मात्राही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे काही आठवडे किंवा महिने घेऊन कमी करावी. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत. दिवस राहिले असतील तरी बाईने आपल्या मनाने औषध न सोडता लगेच डॉक्टरांना सांगावे.

दुसऱ्या औषधांबरोबर

कंबर धरली की आपण डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांच्याबरोबर ती घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल, काही खोकल्याची औषधे आणि लिनेझोलिड यांच्याबरोबर ताप, घाम, थरथर, स्नायू उडणे, भ्रम असा गंभीर प्रकार होऊ शकतो. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठावा. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगातले सोडियम उतरू शकते. बरळणे, तोल जाणे दिसल्यास रक्त तपासावे. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा आजार असेल तर अमिट्रिप्टिलिन घेण्यापूर्वी सांगावे. दारू तर नकोच.

एकच औषध निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळते. दोन डॉक्टरांकडून तीच गोळी दुप्पट पोटात जाऊ शकते. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातली सर्व पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.

घरच्यांचे काम

गोळ्या घरातल्या एका जाणत्या माणसाने आपल्या ताब्यात ठेवाव्यात आणि रोजची रोज द्याव्यात. डॉक्टरांना सांगून एका वेळी आठ-पंधरा दिवसांच्याच आणाव्यात. कीटकनाशके व तणनाशके कुलपात असावीत. ज्या घरात असा आजारी आहे तिथे ती नसलेलीच बरी. “मरावंसं वाटतं का?” असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारावे, आणि त्याला एकटे सोडू नये.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असे धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याचे ठरविले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना लांबवू नये.

साखरेच्या आजाराची गोळी आपण चारचौघांत घेतो, तशीच ही गोळीही घेता आली पाहिजे. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी या गोळ्या घेत असेल तर त्याला एवढेच सांगा : “बंद करायची तर डॉक्टरला विचारून, हळूहळू.”