नवऱ्यांची पुस्तकं, बायकांच्या आठवणी

आमच्या गावातल्या वाचनालयाने मार्चअखेर जागा मोकळी करायला घेतली. निकष एकच : पाच वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का पडला नाही, ते रद्दीत. या निकषात आत्मचरित्रांचं जवळजवळ अख्खं कपाट गेलं. कार्यकारिणीतले एक गृहस्थ मला समजावत होते, ‘‘ताई, हे सगळं लोकांचं वाचून झालंय.’’ वाचून झालंय म्हणे! गोवर येऊन गेल्यासारखं.

त्या कपाटातलं सगळंच मोलाचं होतं, असं मी म्हणणार नाही. सुरुवात झकास होती. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१०च्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून पुढची. त्यानंतर नटवर्य, शिक्षणमहर्षी आणि पुढारी यांची लांबलचक रांग. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत निवृत्त साहेब आणि यशस्वी उद्योजक. त्यांचं आयुष्य त्यांचं, शब्दांकन दुसऱ्याचं आणि प्रकाशन समारंभ फार मोठा. ती गेली तर जाऊ देत. माझा जीव अडकलाय तो १९७८ ते १९९० या मधल्या खणात.

१९७८ साली ‘ग्रंथाली’ने दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं आणि मराठी मध्यमवर्गाची झोप उडाली. मग १९८० साली लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आलं. आणि पाठोपाठ बायका आल्या. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’ आणि १९९० साली सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. मी तेव्हा बँकेत नवी नवी लागले होते. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलांवरून फिरायचं. लोकलमध्ये शेजारीण खांद्यावरून वाचायची आणि पान उलटायची घाई केली की रागवायची.

संध्याकाळी गावात चर्चा व्हायच्या. व्यासपीठावर प्राध्यापक, सतरंजीवर आम्ही. तिथला न्याय मला आजही जसाच्या तसा आठवतो. पुरुषाने स्वतःचं उघडंनागडं लिहिलं की ते धाडस. बाईने लिहिलं की घरची धुणी चव्हाट्यावर. त्याची ती प्रांजळ कबुली, हिचा तो सूड. एका समीक्षक महाशयांनी तर ‘या बायकांना लिहिण्यापेक्षा विश्रांतीची गरज आहे’ असं सांगून टाळ्या घेतल्या. सतरंजीवरून मी विचारलं होतं, ‘‘विश्रांती मिळत होती कुठे? तेच तर लिहिलंय.’’ पुढच्या चर्चेचं बोलावणं मला आलं नाही.

ती पुस्तकं मी माझ्या कपाटात ठेवली आणि अधूनमधून पुन्हा वाचत राहिले. एका पुस्तकातली आठवण दुसऱ्या पुस्तकाचा अर्थ बदलते, हे मला पहिल्या वाचनात नाही, या परतवाचनांत कळलं. ‘बलुतं’मध्ये दया पवार दगडू मारुती पवारची, म्हणजे आपल्याच जुन्या रूपाची, गोष्ट ऐकत बसतात. पहिल्यांदा वाचताना मुंबईतला कावाखाना, भूक आणि जात यांनीच डोळे दिपले. मग ‘जिणं आमुचं’ वाचलं. त्यात महारवाड्यातल्या सुनेचं उपाशी बाळंतपण आहे आणि पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे. हे सगळं बेबीताईंनी घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. त्यानंतर ‘बलुतं’ पुन्हा उघडलं तर नजर दगडूच्या संशयापायी तुटलेल्या पहिल्या संसारावर जाऊन थांबली. त्या बाईचं पुस्तक नाही. पवारांचं मोल त्याने कमी होत नाही. त्यांनी स्वतःचा संशय लपवला नाही, म्हणून तर ती बाई आज दिसते.

‘स्वामी’चं तेच. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ची. थेऊरला माधवरावांबरोबर सती जाणारी रमा वाचून आमच्या पिढीतल्या किती मुली रडल्या असतील! माधवीताईंनी त्याच लेखकाच्या संसारातले आपले दिवस लिहिले. ते वाचून रमेकडे वळलं की रडू येत नाही. इतक्या पानांत ही बोलते किती आणि गप्प किती, याचाच हिशोब मन करत बसतं.

आणि सुनीताबाई. १९९० साली महाराष्ट्राला एकच चिंता होती : आमचे भाई खरंच असे होते? जणू पुस्तक नवऱ्यावर, म्हणजे पुलंवर, खटला भरण्यासाठी लिहिलं होतं. तेव्हा मी नुकती सून म्हणून घरात स्थिरावत होते, म्हणून त्यांचा राग तेवढा माझा झाला. आता मला सून आली आहे आणि पुस्तक लिहिलं त्या वेळच्या सुनीताबाईंपेक्षा मी मोठी आहे. आता दिसतं ते हे, की नवऱ्याला लावलेल्या फुटपट्टीपेक्षा कडक फुटपट्टी बाई स्वतःला लावतात. त्या वर्षांच्या क्रमाने जात नाहीत, आठवण येईल तशा मागेपुढे जातात. त्या येण्याजाण्यात जिथे अडखळल्या, तिथे खरं पुस्तक आहे. १२ जून १९४६ला रत्नागिरीत त्यांचं लग्न झालं आणि २००० साली त्याच तारखेला पुलं गेले, हे माहीत झाल्यावर त्यांचं भांडणसुद्धा वेगळं ऐकू येतं.

आता पुस्तकं मोजायची स्पर्धा असते. वर्षाला पन्नास, शंभर. एकच पुस्तक चौथ्यांदा वाचणाऱ्याची त्यात नोंद कुठे करतात? फोन रोज सकाळी ‘आठवणी’ म्हणून हसरे फोटो दाखवतो. भांडणाचा फोटो कोणी काढलेलाच नसतो. वाचनालयही शिक्के मोजतं. आपली आठवण आपलीच बाजू घेते. तिची उलटतपासणी करायला दुसऱ्या कुणाची तरी आठवण शेजारी लागते. ‘बलुतं’ ठेवलं आणि ‘जिणं आमुचं’ रद्दीत घातलं, तर निम्मा साक्षीदारच बाद.

आमच्या घरीही त्या काळातल्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या दोन आवृत्त्या आहेत. ह्यांच्या आवृत्तीत गच्चीवरचं रेडिओ ऐकणं, मित्र, रात्री उशिरापर्यंत चहा. माझ्या आवृत्तीत पहाटेचा नळ. ह्यांची आवृत्ती पाहुण्यांना फार आवडते. गेल्या महिन्यात ह्यांनी ‘आहे मनोहर तरी’ दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. चार दिवस घरात शांतता होती. मग जेवताना विचारलं, ‘‘तेव्हा पाणी पहाटे चारला यायचं ना गं?’’

‘‘साडेतीनला,’’ मी म्हटलं, ‘‘आणि चहाचे कप त्यानंतर घासायचे.’’